एका नंबरला एक बाई

"काका, शिबिरात चारशे बारा बायका तपासल्या. तुमच्या मेसेजच्या यादीत तीनशे एक्कावन्नच कशा?" हाताखाली काम करणाऱ्या क्रांतीने गणपतरावांना विचारलं.

दवाखान्याच्या संगणक विभागात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. काळ्या पडद्यावर 'ऑक' या जुन्या आज्ञावलीची एक ओळ टाइप करून हजारो नोंदी चाळायच्या, ही त्यांची मिजास. गारगोटीच्या स्तनतपासणी शिबिराची फाइल मात्र जेसन पद्धतीची होती : एक फोन नंबर आणि त्याच्या पोटात घरातल्या सगळ्या बायका. क्रांतीने तेव्हाच सुचवलं होतं, "ह्याला जेक्यू हे नवं टूल वापरूया की. घर न मोडता वाचतंय ते."

"आमचं ऑक काय मेलंय व्हय?" म्हणत गणपतरावांनी फाइलच्या सरळ ओळी पाडल्या, दर बाईला एक, आणि एका घराला दोनदा मेसेज नको म्हणून पुन्हा आलेला नंबर गाळला. बायका मुलाचा नाहीतर नवऱ्याचाच नंबर देतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी लीलाबाईंनीही जन्मभर त्यांचाच दिला होता. तरीही नंबर गाळताना ते सुचलं नाही.

क्रांतीने आता जेक्यू चालवलं. गाळलेल्या एकसष्ट जणी पडद्यावर उतरल्या. साठ जणींपुढे 'ठीक'. एकीपुढे 'तातडीने बोलवा'. धोंडुबाई, गाव बिद्री, वय अठ्ठावन्न. मेसेज पाच आठवड्यांपूर्वी जायला हवा होता.

"मी लावते फोन."

"नगं. चूक माझी हाय."

त्यांनी फोन पुढ्यात ओढला. नंबर दोनदा चुकला. मग धोंडुबाईंच्या मुलाने, सयाजीने उचलला. "दवाखान्यातनं? आलता की मेसेज, सगळं ठीक हाय म्हणून! नारळ फोडून आलो आमी."

"त्यो तुमच्या मंडळींचा. आईंचा ऱ्हायला."

त्याने फोन आईच्या हातात दिला. मग बाईचा आवाज आला, "बोला पावणं. पोरानं सांगितल्यापास्नं जिवाला लई बरं वाटतंय बगा. गाठ हाय अजून, पर तुमीच ठीक म्हटलासा न्हवं?"

गणपतरावांना आपलीच लाज वाटली. "बाई, तुमचं नाव माझ्याकडनं ऱ्हायलं. उद्या सकाळी या."

"सुनंला बी आणू?"

"तपासणी तुमचीच हाय."

दुसऱ्या दिवशी आठलाच ते फाटकापाशी उभे होते. धोंडुबाईंना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रिक्षातून उतरणाऱ्या प्रत्येक बाईला ते तिचं नाव विचारत होते.