व्हर्बिन्काच्या खांबावरचा कर्णा

मी कर्णा बोलतोय. गावकचेरीसमोरच्या खांबावरचा, पत्र्याचा. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं मोठ्यानं सांगितलं. आज जरा माझं स्वतःचं सांगतो.

आमचं व्हर्बिन्का चेक देशातल्या दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत वसलंय. मधून ओढा जातो, काठाला वाळुंजाची झाडं. वरच्या आळीमागे देवळाची टेकडी आहे. तिच्यावर आपटून माझा आवाज परत येतो, म्हणून वरच्या आळीला प्रत्येक बातमी दोनदा ऐकू येते आणि आपल्याला सगळं जास्त कळतं असा तिचा समज आहे. खालच्या आळीत तळ्याच्या बांधावरून पाणी पडतं. तिथं माझं अर्धंच पोहोचतं. उरलेलं ती मनानं भरून काढते.

माझ्या आधी गावात ढोलवाला होता. चौकात ढोल बडवायचा आणि बातमी ओरडून सांगायचा. युद्ध संपलं, नवं सरकार आलं आणि मला खांबावर चढवलं. माझ्या तोंडून पहिल्यांदा गेलं ते हे, की आता शेतं आणि गाई सगळ्यांच्या सामाईक होणार. ते ऐकून लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. कित्येक वर्षं मी नावडता होतो.

अडुसष्टच्या ऑगस्टमध्ये परक्या फौजांचे रणगाडे देशात शिरले. त्यांना वाट सापडू नये म्हणून वरच्या आळीतल्या मधवाल्यानं वेशीवरची गावाच्या नावाची पाटी उतरवली आणि खालच्या आळीतल्या दुकानदारानं ती आपल्या गवताच्या गंजीत लपवली. रणगाडे तळ्यापर्यंत आले, चिखलात रुतले आणि चिडून मागे फिरले. पुढे पाटी पुन्हा लावली ती थोडी तिरकी. अजूनही तशीच आहे.

त्या मधवाल्याचा मुलगा च्तिबोर आणि त्या दुकानदाराची मुलगी द्राहोमीरा. दोघं शाळेत एका बाकावर बसायची. पण मे महिन्याच्या स्वागताला दोन्ही आळ्या आपापला फितींनी सजवलेला उंच खांब उभारतात आणि एकमेकींचा खांब पाडायला टपलेल्या असतात. एका वर्षी खालच्या आळीचा खांब करवतीनं पडला. करवत च्तिबोरच्या हातात होती. तेव्हापासून द्राहोमीरा त्याला ‘अहो’ म्हणायची. आमच्याकडे बालमित्राला ‘अहो’ म्हणणं शिवीपेक्षा वाईट.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. सरपंच यार्मिला पाय दुखून दमली होती. निवडणूक आली, पण उभं राहायला कुणी तयार नव्हतं. वरच्याला खालचा नको, खालच्याला वरचा नको. कुणीच नाव दिलं नाही तर गाव शेजारच्या शहरात सामील होणार आणि वेशीवरची ती तिरकी पाटी कायमची उतरणार. नावं देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

त्या सकाळी यार्मिलानं नेहमीप्रमाणे आधी बँडचं गाणं लावलं. लोकांनी खिडक्या उघडल्या. मग ती म्हणाली, “मंगळवारी दुकानासमोर अंड्यावर येणाऱ्या कोंबड्या विकायला येतील. तपकिरी आणि काळ्या. खोकं ज्याचं त्यानं आणावं.”

आणि माइक बंद करायला विसरली.

मला कचेरीतलं दिसत नाही. तारेतून येईल तेवढंच कळतं. दार वाजलं. द्राहोमीरा कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले आमचे गोड पाव, घेऊन आली होती.

“खा गं. रडून काय होणार?”

“रडत नाहीये. उद्या शहराला हो म्हणून कळवते. माझ्यानं आता होत नाही.”

“अगं, एक माणूस आहे की. तो वरच्या आळीचा मधमाश्यावाला.”

“च्तिबोर? तुझं त्याच्याशी बोलणं तरी आहे का?”

“मेला एक नंबरचा आडमुठा! मधमाश्या ऐकतात म्हणून माणसंही ऐकतील असं वाटतं त्याला. पण कामाला वाघ आहे. उभा राहिला तर पहिलं मत मी देईन. फक्त त्याला सांगू नकोस हं.”

मी ते सगळ्या गावाला सांगितलं. वरच्या आळीला दोनदा.

रस्त्यावर सायकली थांबल्या. च्तिबोर टेकडीवरून घरातल्या चपलांतच निघाला. डोक्यावरची माश्यांची जाळीही काढायची राहिली होती. मागून दोन्ही आळ्या. तो कचेरीत शिरला.

“द्राहोमीराबाई, ऐकलं मी.”

“काय ऐकलंत?”

“सगळं. गावानंही ऐकलं. माइक चालू आहे.”

“अरे देवा! आडमुठासुद्धा?”

“माश्यांनीसुद्धा ऐकला.”

बाहेर हसण्याचा असा लोट उठला की माझा पत्रा थरथरला. हसू ओसरल्यावर च्तिबोर हळू आवाजात म्हणाला, “माझ्या बापानं पाटी उतरवली ती परत लावायला. तुझ्या बापानं सांभाळली. ती आपल्या हातून जावी? मी उभा राहतो. पण उमेदवारांच्या यादीत तूही हवीस. आणि त्या खांबाचं... चुकलंच माझं.”

तारेतून ताटली सरकवल्याचा आवाज आला. मग द्राहोमीरा म्हणाली, “बस रे. कोलाचा खा आधी. जाळी काढ आणि मग खा.”

त्या ‘रे’ला खालच्या आळीनं टाळ्या वाजवल्या. बांधावरून पाणी पडत होतं, तरी तेवढं तिला नीट ऐकू गेलं.

आज च्तिबोर सरपंच आहे आणि द्राहोमीरा उपसरपंच. रोज भांडतात. पाटी आहे तिथं आहे, तिरकीच. निरोप आता मोबाइलवर पाठवावेत आणि हा गंजका कर्णा उतरवावा, अशी सूचना मध्ये आली होती. तेव्हा द्राहोमीरानंच विचारलं, “मोबाइल असता तर त्या दिवशी कोंबड्यांपलीकडे काय कळलं असतं रे तुम्हाला?” आता मला नवा हिरवा रंग दिलाय.

यार्मिला अधूनमधून कचेरीत डोकावते आणि नव्या सरपंचाला बजावते, बोलून झालं की आधी माइक बंद कर. तिचं बरोबरच आहे. पण एका म्हाताऱ्या कर्ण्याची विनंती ऐकाल? माणसाबद्दल चांगलं बोलत असाल, तर कधीमधी विसरत जा.