चुंबकाखालची कोरी जागा

उठता-बसता "वहिनी, वहिनी" करणारा दीर गल्लीच्या तोंडाशी गॅरेज टाकून बसला होता, त्यामुळे ती सगळ्या गल्लीचीच वहिनी झाली होती. स्वतःच्या नावाने तिला आता फक्त दवाखान्यातले लोक ओळखत.

दवाखाना टेकडीच्या पलीकडे. आठवड्यातून तीनदा वहिनी आपल्या व्हॅनमधून पेशंट तिकडे न्यायची, रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवरून उठले की परत आणायची. सगळ्यांच्याच किडन्यांनी हात टेकलेले. मशीनची पाळी हुकणं त्यांना परवडणारं नव्हतं, म्हणून चढावर इंजिनाने जराशी कुरकुर केली तरी वहिनी धास्तावायची.

तिची ही भीती घालवायला दिरानेच ती चुंबकं आणली होती. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून काढलेली तीन चपटी चुंबकं. मध्ये बोट सापडलं तर नख काळंनिळं करतील अशी. ऑइल फिल्टरच्या डब्यावर त्याने ती बाहेरून चिकटवली आणि म्हणाला, "वहिनी, इंजिन झिजलं की त्याचा चुरा तेलात फिरतो. लोखंडाचा चुरा असेल तर हे तिघे त्याला आतल्या आत कॉलर धरून उभा करतात. पुन्हा बेअरिंगमध्ये घुसायची बिशाद नाही."

तेव्हापासून ठरून गेलं होतं. तेल बदललं की दिराने जुना फिल्टर कापायचा, डबा पांढऱ्या फडक्यावर उपडा करायचा आणि दोघांनी त्यात डोकी घालायची. चुंबकं होती त्या तीन जागी आतून काळी, मऊ लव जमलेली असे. वहिनी बोटाने पुसून बघायची. दीर म्हणायचा, "एवढी झीज तर माझ्या गुडघ्यांचीही होते," आणि ती निश्चिंत व्हायची. दुनियेत कोण किती देतो, किती लाटतो याचा हिशोब वहिनीच्या डोक्यात सतत चालू असे. फक्त या दिराचं खातं तिने कधी तपासलं नव्हतं.

आई आजारी पडली म्हणून वहिनी काही दिवस माहेरी गेली. तेवढ्यापुरते पेशंट दुसऱ्या एका गाडीवाल्याकडे सोपवले. रोज संध्याकाळी नवऱ्याचा फोन यायचा. "आईंचं बघ. गाडीची काळजी नको. झाकून ठेवलीय, हातसुद्धा लावला नाही कुणी." नवरा गोड बोलत होता. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने आपणहून रोज फोन कधी केला होता, हा प्रश्न वहिनीला तेव्हा पडायला हवा होता. पण आई समोर झोपलेली असताना माणूस असले प्रश्न काढत नाही.

ती परतली तर तेल बदलून तयार.

"म्हटलं, दमून येणार. तुमचं काम हलकं केलं," दीर म्हणाला आणि कापलेला फिल्टर त्याने स्वतःच पुढे केला. "बघा. आरशासारखा! एक कण नाही."

वहिनी खूश झाली. हो, आधी खूशच झाली. त्याला चहा पाजला, आईसाठी आणलेल्या बिस्किटांतली उरलेली दिली. दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला बाहेर काढली, तेव्हा इंजिनाच्या पोटात कुणीतरी चमच्याने वाटी वाजवतंय असं तिला वाटलं. रेस दिली की वाटी जोरात. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिली. कानापेक्षा डोळ्यांना काहीतरी टोचत होतं. तो फिल्टर. एक कण नाही. अरे, पण एक तरी कण नको का? इंजिन नवंकोरं असलं तरी चुंबकाखाली काजळ धरतंच. आजवर एकदाही डबा कोरा निघाला नव्हता.

गाडी गॅरेजच्या दारापाशीच उभी होती; ती उतरून आत गेली. दीर एका स्कूटरखाली हात घालून बसला होता.

"भावजी, काल दाखवलात तो फिल्टर माझ्या गाडीचा नव्हता."

"घ्या! मग काय शेजारच्याचा होता?"

"ज्याचा असेल त्याचा. त्याला चुंबक कधी लागलंच नव्हतं."

दीर हसला. "वहिनी, चुंबकं गरम झाली की त्यांची ताकद जाते. शास्त्र आहे."

व्हॅनखाली वाकून तिने फिल्टरवरचं एक चुंबक ओढून काढलं, आणून त्याच्या समोरच्या जाड पान्याला लावलं आणि चुंबक अलगद वर उचललं. पाना लोंबकळत राहिला.

"ताकद आहे हो अजून," ती म्हणाली. "आता खरा फिल्टर काढा."

दिराने हात पुसले. बराच वेळ पुसले. बाकाखाली रिकामे डबे होते, त्यांच्या मागून त्याने तेलकट कागदात गुंडाळलेला फिल्टर काढला. चुंबकांच्या जागी लव नव्हती, जाड चिखल होता. पण वहिनीची नजर गेली ती आतल्या कागदाच्या घड्यांवर. तिथे तांबूस चकाकी होती. लोखंड नव्हे, बेअरिंगचा मऊ धातू, ज्याला चुंबक धरूच शकत नाही.

"काय वाहिलंत माझ्या गाडीतून?"

"फरशा. माझ्या नव्या दुकानाच्या. दोनच खेपा, वहिनी! चढावर इंजिनाचं पाणी उकळलं. थांबलो असतो, पण गवंडी खोळंबले होते..."

"आणि गाडी झाकलेली होती."

दीर खाली बघत म्हणाला, "किल्ली दादानेच दिली. मी म्हटलं वहिनीला खरं सांगू. दादा म्हणाला, कशाला, दुसरा फिल्टर दाखव, तिला काय कळतंय."

फरशा एकवेळ गिळता आल्या असत्या. पण रोज संध्याकाळी आईच्या उशाशी बसून तिने ज्या फोनला "तुम्ही आहात म्हणून बरं" म्हटलं होतं, तो फोन आता तिच्या कानात वाजायला लागला. उद्या ती तशीच चढावर गेली असती. मागे सात माणसं, हातांना पट्ट्या बांधलेली, बोलायचंही त्राण नसलेली. हे दोघा भावांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तिला गाडी बाहेर काढू दिली होती.

तिने आधी त्या दुसऱ्या गाडीवाल्याला फोन करून उद्याची फेरी त्याच्याकडे दिली. मग नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला, भावाचं तोंड बघितलं आणि समजला.

"अगं, घरातलीच गोष्ट आहे. तो करून देईल इंजिन. फुकट करून देईल."

"इंजिन चालू करायचं नाही," वहिनी म्हणाली. "दोघे ढकला."

"कुठे?"

तिने रस्त्यापलीकडे हात केला. तिथे दुसरं गॅरेज होतं. त्या मिस्त्रीशी दिराचं गिऱ्हाइकांवरून इतकं वाकडं होतं की घरातलं कुणी त्याच्याकडे सायकलची हवासुद्धा भरत नसे.

"वहिनी, काहीही सांगा, पण तिथे नको," दीर काकुळतीला आला. "माझी अब्रू जाईल. गल्ली बघतेय."

"बघू दे. मीही बघितलंच की."

ती स्टिअरिंगवर बसली. मागून दोघे भाऊ ढकलायला लागले. रहदारी थांबली. वाण्याने दुकानातून विचारलं, "काय हो, घरचा मिस्त्री आजारी आहे का?" पलीकडचा मिस्त्री बाहेर येऊन आ वासून उभा राहिला.

"बेअरिंग गेलीत," वहिनी त्याला म्हणाली. "इंजिन उघडाल तेव्हा मला बोलवा. माझ्या समोर उघडायचं. मी नसेन तर थांबायचं."

दीर मागच्या मागे निघून गेला होता. नवरा घाम पुसत काचेपाशी आला. "चल घरी. सगळं सांगतो."

"सांगत तर रोज होतात," ती म्हणाली आणि काच वर केली.

तो एकटाच रस्ता ओलांडून गेला. वहिनीने पेशंटचे नंबर काढले आणि एकेकाला कळवायला बसली, की गाडी बंद आहे, किती दिवस ते सांगता येत नाही, उद्याही तो दुसराच गाडीवाला न्यायला येईल. पहिल्याच आजोबांनी विचारलं, "आता नेहमीच तो? माणूस भरवशाचा आहे ना, बाई?"

तिला लगेच हो म्हणता आलं नाही.