बाभळीचे आठ ठोकळे

रफीकचे आठ ठोकळे मी जाळले. हे आधीच सांगून टाकते. आडून आडून बोलायची मला सवय नाही, आणि एकदाच ती सवय केली तर काय झालं ते ऐकाच.

रफीक म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण 'हे' आणि 'ते' करत बसले तर ऐकणाऱ्याचाच घोळ होईल. कामथडीच्या फाट्यावर आमचं गॅरेज आहे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. ठोकळे बाभळीचे होते, वीतभर जाड, हातभर लांब, माझ्या सासऱ्यांनी स्वतः कापून घेतलेले. जॅकवर गाडी उचलली की रफीक तिच्याखाली ते आडवे-उभे रचायचा आणि मगच खाली शिरायचा. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही, हे वाक्य मी लग्न झाल्याच्या आठवड्यात ऐकलं आणि पुढं रोज ऐकलं.

दोन वर्षांपूर्वी आषाढात गॅस संपला. लाकडं भिजलेली, सासूबाई तापानं फणफणलेल्या, त्यांना गरम पाणी हवं. गॅरेजच्या कोपऱ्यात ते ठोकळे कोरडे ठणठणीत, वर तेल प्यायलेले. काय सुंदर जळले म्हणून सांगू! तीन दिवसांत आठही संपले. पाऊस उघडला की नवे आणू म्हटलं आणि विसरून गेले.

चौथ्या दिवशी एक पिकअप आली. मी कणीक मळत होते. रफीक दारातून डोकावला.

"रुकसाना, ठोकळं कुठं बघितलंस का?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तुमीच ठेवलं असतील कुठंतरी. आजकाल तुमचं ध्यान तरी कुठं असतं!"

तो बिचारा अर्धा तास शोधत होता. शेवटी बाजूच्या बांधकामावरून उरलेले पांढरे हलके ब्लॉक आणून त्यानं गाडीखाली लावले. ते ब्लॉक भिंतीला चांगले, पण तो खाली शिरला आणि गाडीच्या वजनाखाली त्यांचा भुगा झाला. शेजारी आडवं ठेवलेलं स्टेपनीचं चाक होतं म्हणून छाती वाचली. मांडीचं हाड मोडलं. रस्त्यापलीकडं पेरू विकणाऱ्या धोंडाबाई सगळ्यांत आधी धावत आल्या. त्यांनी आरडाओरडा करून माणसं जमवली, तेव्हा कुठं गाडी उचलली गेली.

हाड चार महिन्यांत जुळलं. डोक्यात मात्र भलतंच बसलं. रफीकला वाटायला लागलं, आपली आठवण गेली. "आठ ठोकळं म्या कुठं ठेवलं ते मला आजून आठवत न्हाई," तो म्हणायचा. "ज्याला येवढं आठवत न्हाई त्यानं गाडीखाली जाऊ ने. आज ठोकळं इसरला, उद्या नट कसायचा इसरंल, आन् मरंल दुसराच." गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचा. कुठलं हत्यार कुठं ठेवलं ते शटरवर खडूनं लिहून ठेवायचा. ज्या माणसाला अंधारात हात घालून दहा नंबरचा पाना सापडायचा, तो माणूस! तेव्हापासून फक्त वरवरची कामं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक असं खालचं काही आलं की गिऱ्हाईक दुसरीकडं.

आणि मी गप्प. दवाखान्यात भीती वाटली म्हणून गप्प, घरी आल्यावर त्याचं दुखणं चालू म्हणून गप्प, आणि नंतर फार उशीर झाला म्हणून गप्प. मी भित्री आहे असं मला कुणी म्हटलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण होते.

या जानेवारीत शेफालीताई आल्या. त्यांचं पानशेतला धरणाकाठी घर आहे. टेम्पोवर बांधून त्यांनी वडिलांची गाडी आणली होती. विलायती, दोनच माणसांची, साठ वर्षांची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. नाक एवढं लांब की गाडी आधी पोचावी आणि माणसं मागून यावीत.

"उतारावर ब्रेकच लागेनात," ताई म्हणाल्या. "म्हशीच्या शेपटीला घासून थांबले. मागून घरघर आवाजही येतो. बाबा सांगायचे, कामथडीच्या रफीकशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस."

रफीकनं माझा तोंड बघायचा आरसा मागितला. काठीला बांधून तो गाडीखाली सरकवला आणि बॅटरी लावून, जमिनीवर गाल टेकून, अर्धा तास आरशात बघत बसला. स्वतः मात्र बंपरच्या अलीकडंच. मला हसू आलं आणि नंतर रडू.

"हिचं मागचं ब्रेक चाकात न्हाईत," तो मला म्हणाला. दोन वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "मधी डिफरन्शियलच्या, त्या धुऱ्यावरल्या गोळ्याच्या, दोन्ही अंगाला हायती. ब्रेक करायचं तर मागचा समदा सांगाडाच खाली घ्याया लागतो, धुऱ्यासकट. त्यो सांगाडा गेला की हँडब्रेक बी गेला त्याच्यासंगं. आन् हिला खाली चासी न्हाई, नुसता पत्रा. टेकू चुकीच्या जागी लागला तर पत्रा फाडून वर यील." डोळे चमकत होते त्याचे. मग एकदम विझले. "न्हाई जमायचं. ताईंना परवा गाडी न्यायला सांगतो."

चहा पिताना त्यानं पुढचं सांगितलं. किकवीजवळच्या गोडाऊनवर वॉचमन पाहिजे होता आणि यानं हो म्हणून टाकलं होतं. ही गाडी परत गेली की शटर बंद. "नुसतं बसायचं असतं गं," तो म्हणाला. "त्येला काय आठवण लागत न्हाई."

माझ्या हातातला कप खाली आला. माझा नवरा खुर्ची टाकून लोखंडी गेटकडं बघत म्हातारा होणार, आणि का, तर मला भिजलेली लाकडं फुंकायचा कंटाळा आला होता म्हणून.

"ठोकळं म्या जाळलं," मी म्हणाले.

"काय?"

"ते ठोकळं. अम्मीला ताप हुता, गॅस संपला हुता. म्या जाळलं. तुमी इचारलं तवा खोटं बोलले. तुमी काय बी इसरला नव्हता. तुमच्या डोक्याला काय बी झालेलं न्हाई."

तो ओरडेल, कप भिंतीवर मारेल असं वाटलं. त्यानं कप खाली ठेवला.

"आठीच्या आठी?"

"व्हय."

तो उठला आणि बाहेर गेला. दुपारी जेवला नाही, संध्याकाळीही नाही. शटरवरच्या खडूच्या अक्षरांसमोर हात मागं बांधून बराच वेळ उभा होता. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी एक शब्द नाही. सासूबाईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मला कशाला मधी घेतीस? म्या फकस्त पाणी मागितलं हुतं." बरोबरच होतं त्यांचं. तो मला सोडून गेला असता तरी मी त्याला चूक म्हटलं नसतं. पण वॉचमन होऊ नका, एवढंच मनात घोकत होते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे ताई गाडी न्यायला येणार त्या दिवशी, सकाळीच तो नसरापूरच्या वखारीत गेला. आला तो रिक्षातून बाभळीचे ठोकळे घेऊन. ताईंना फोन लावला आणि म्हणाला, "गाडी ऱ्हाऊ द्या." माझ्याशी तरीही बोलला नाही. बोटानं नुसती खूण केली, इकडं ये.

गाडी त्यानं सपाट कोब्यावर घेतली. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी पाचर ठोकली. मग मागच्या सांगाड्याखाली फळी आणि फळीखाली जॅक. इंच इंच उचलत गेला. मधेच थांबायचा, चौफेर फिरून बघायचा, पुन्हा उचलायचा. पान्याच्या दांड्यानं खालचा पत्रा ठोकत, कान लावून, चांगली जागा हुडकली. सांगाड्याच्या पुढं, जिथं पत्रा दुहेरी आणि जाड, तिथं दोन्ही बाजूंनी लोखंडी स्टँड लावले. ते ताईंनी गाडीबरोबरच दिले होते. त्यांच्या खिळी त्यानं काढून, बघून परत घातल्या. स्टँड आणि पत्रा यांच्यामध्ये लाकडाची चकती ठेवली. मग अगदी हळू जॅक सोडला आणि गाडी स्टँडवर बसली. तरी समाधान नाही. स्टँडच्या शेजारी नवे ठोकळे आडवे-उभे रचले, वर पत्र्यापासून दोन बोटं अंतर ठेवून. मागची चाकं काढून तीही दोन्ही बाजूंना आत सरकवली.

"ढकल," तो म्हणाला. तीन दिवसांतला पहिला शब्द.

"क्काय?"

"गाडी ढकल. आडवी. पडायची आसंल तर आत्ता पडू दे, खाली कुणी न्हाई तवर."

मी हात लावला.

"आगं, पापड लाटतीस काय? जोर लाव!"

मी जोर लावला. दोन वर्षांचा सगळा जोर लावला. खांदा टेकवून, दात खाऊन, या बाजूनं आणि त्या बाजूनं. गाडी जागची हलली नाही. रफीकनं स्टँडचे पाय बघितले, ठोकळे बघितले, परत पहिल्यापासून सगळं बघितलं. खडू हातात घेतला आणि काहीच न लिहिता खिशात टाकला.

मग तो गोणपाटावर बसला. मोडलेली मांडी त्यानं एकदा दाबून बघितली. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. त्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, उताणा झाला आणि टाचा रेटत आत सरकला. आधी डोकं, मग छाती, मग पोट. बाहेर राहिले ते नुसते पाय, त्यातला डावा जरा वाकडा. मी पदर तोंडात धरून उभी होते. आतून काही आवाज येईना. मग पाना लागल्याचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ आमच्या साहेबांचा.

"आठ ठोकळं! माझ्या बापानं हातानं कापल्यालं! आगं, शेजारी गॅस मागितला आसता तर तुझी काय इज्जत गेली आसती का? दोन वर्सं म्या येड्यावानी शटरवर लिहीत बसलो! आन् तू बघत हुतीस! बॅटरी धर हिकडं! हिकडं म्हंजी हिकडं, माझ्या डोळ्यात न्हाई! आन् गाडीला हात लावू नगंस आता!"

मी वाकून बॅटरी धरली. तो नट सोडत होता आणि प्रत्येक नटागणिक मला एक शिवी होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं मला एवढं कधी झापलं नव्हतं, आणि मी उलट उत्तर दिलं नाही असंही कधी झालं नव्हतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, बॅटरी मात्र मी हलू दिली नाही.

आरडाओरडा ऐकून धोंडाबाई पेरूची पाटी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून आल्या.

"काय गं, रुकसाना? रफीक का वरडतुय येवढा? हाय कुठं त्यो?"

"गाडीखाली हायती, मावशी," मी म्हणाले.

धोंडाबाईंनी पाटी खाली ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्याही ऐकत उभ्या राहिल्या.