उफराटी

पत्रावर वजन म्हणून ठेवलेला बोल्ट त्यानं उचलला, तेव्हा कागदावर गंजाचं तांबूस कडं उमटलेलं दिसलं — नेमकं ‘येऊ का’ या शब्दांभोवती. धाकट्या बहिणीचं हे पत्र येऊन महिने लोटले होते. ‘दादा, इथे आता एकटीला करमत नाही. तुझ्याकडे राहायला येऊ का? नाही म्हणालास तरी राग नाही, पण काहीतरी लिही.’ उत्तराची पहिली ओळ रोज मनात जुळायची आणि रोज खोटी वाटायची... जन्म पुस्तकांच्या सोबतीत गेलेला. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज — सकाळी, जेवताना, दिवा मालवताना — आपल्याला झेपेल?

आज त्यानं स्वतःशी ठरवलं होतं, माळ्यावरचा लोखंडी पलंग जोडून पाहायचा. जोडला गेला तर ‘ये’ लिहायचं. नाही तर...

तीन पाय बसले. चौथ्यात बोल्ट जेमतेम शिरला आणि अडला. त्यानं पाना लावून रेटला. लोखंड करकरलं. अजून थोडा जोर, की आतले आटे जातील, पाय बसणार नाही, पलंग उभा राहणार नाही आणि तिला खरंखुरं कळवता येईल — झोपायची सोय नाही गं... पान्यावरची पकड आवळत गेली. म्हणजे मला हेच हवंय? हात थांबला. तळवा घामानं निसरडा झाला होता.

“अहो, कोणावर राग काढताय एवढा?” शेजारीण दारातून म्हणाली. “पलंग आहे तो, पैलवान नाही!”

“बसत नाहीये,” तो पुटपुटला.

“कोण येणारेय की काय?”

तो पाना पुसू लागला.

“बरं बाबा, नका सांगू,” म्हणत ती गेली.

उफराटी! बहिणीला घरात सगळे तेच म्हणायचे, कारण बरणीचं झाकण लावताना ती ते आधी उलटं फिरवायची. “अगं, लावतेयस की उघडतेयस?” हा चिडवायचा. “गप रे दादा. टक् वाजू दे आधी.” झाकण आपल्या जागी उतरल्याचा तो बारीक आवाज आला, की मगच ती सुलटं फिरवायची...

त्यानं पाना खाली ठेवला. बोल्ट बोटांत धरून उलटा फिरवला, हळूच, कान देऊन — टक्. मग सुलटा. तो नुसत्या बोटांनी आत जात राहिला, अगदी सहज. आता सबब उरली नव्हती.

कार्डावर त्यानं लिहिलं, ‘ये. पलंग जोडून ठेवला आहे.’ पुढे ‘उशीर झाला’ असं लिहून खोडलं. खोडलेलं तसंच राहू दिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड पडलं, तरी बोटं फटीतच राहिली. तीन बोल्ट पान्यानं आवळले होते, चौथा... चौथा आवळला का मी? की बोटांनी फिरवून तसाच...

“काका, पडलं की पत्र!” मागचा माणूस म्हणाला. “आता काय आत उतरताय?”

तो ओशाळून बाजूला झाला. पण घराकडे पाऊल निघेना. पेटीशेजारी तसाच उभा राहिला, मान किंचित कलती — काही वाजतंय का, ते ऐकत.