एका बिडीचा धबधबा

टीनानं योगेंद्रला होकार दिला.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. योगेंद्रला ते अजून माहीत नाही, आणि त्याच्या घरी ते आत्ताच फुटलं तर गोष्ट सुरू व्हायच्या आत पेढे वाटून होतील. तेव्हा टीनानं अजून काहीही दिलेलं नाही. श्रावणातल्या एका रखरखीत दुपारी ती अड्याळच्या आतल्या अंगाची एक टेकडी चढते आहे. मागे तिची मावशी शकुनबाई, उन्हाची छत्री घेऊन. पुढे योगेंद्र, ज्यानं फोनवर एकदा सहज म्हटलं होतं, "आमच्या गावाले धबधबा हाये."

सहज म्हणजे, मोहाडीच्या मुलीला सांगण्यासारखं गावात दुसरं काही नव्हतं म्हणून. टीनानं याआधी दोन मुलांना नकार दिला होता. एकानं आपली म्हणून सांगितलेली मोटरसायकल भावाची निघाली. दुसऱ्यानं आपला म्हणून सांगितलेला भाऊ शेजाऱ्याचा निघाला. त्यामुळे या वेळी तिनं आधीच बजावलं होतं, "फेकणारा माणूस मले नाई पायजे. आधी धबधबा पाह्यीन, मंग सांगीन."

"पावसाचा पत्ता नाई अन् धबधबा पाह्याले चाललो," शकुनबाई धापा टाकत म्हणाली. "का हो, अजून किती दूर हाये?"

"हे काय, आलाच, मावशी."

"हे तुमी मघाच्या सागवनापाशीबी म्हटलं होतं."

"थो सागवन अलीकडचा होता."

शेवटी ते पोहोचले. धबधब्याच्या जागी खडक होता. खडकावर सरडा होता. सरडा कोरडा होता.

"आज सुट्टीवर हाये काय?" शकुनबाईनं विचारलं.

"काल होता," योगेंद्र म्हणाला. "धार बारीक होती, पण होती."

हे अगदी खरं होतं, आणि अगदी खोटं वाटत होतं. टीनानं खडकाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. मोटरसायकलवाल्याकडंही तिनं असंच पाहिलं असणार.

"तुमी बसा. मी वरतून पाहून येतो."

"पाहून या," शकुनबाई म्हणाली. "सापडला त घेऊनच या." आणि टेकडीवर सावली म्हणून जेवढी होती तेवढी त्या खडकाच्या पोटाशीच असल्यानं, ती तिथं पाय पसरून मुर्रा-फुटाण्याची पुडी सोडून बसली.

योगेंद्र झाडंझुडपं धरत वर चढला. टेकडीच्या खांद्यावर त्यांच्याच बांध्या, म्हणजे भातखाचरं, होत्या. नाल्यात दगडमातीचा आडवा बांध घातलेला, सगळं पाणी वळून बांधीत गेलेलं, आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर त्याचे वडील लक्ष्मणराव फावड्याला टेकून बसलेले. धान रोवणाऱ्या बाया जेवायला गेल्या होत्या.

"बाबा! नाला काहून अडवला?"

"पाहुणे येऊन राहिले ना. म्हटलं, आज पाणी घेऊन रोवणा आटोपून टाकू अन् आंग धुऊन टोपी घालून बसू. तुह्यासाठीच त अडवला."

"पाहुणे खाली धबधबा पाह्याले आले!"

"मंग दाखव ना."

"धबधबा तुमच्या बांधीत हाये, बाबा!"

लक्ष्मणरावांनी बांधीत पाहिलं. घोटाभर गढूळ पाणी. त्यात त्यांना धबधब्यासारखं काही दिसलं नाही.

"सोडा थोडासा."

"सोडा म्हणे! उन्हानं पऱ्हे माना टाकून राहिले," लक्ष्मणराव धानाच्या रोपांच्या पेंड्यांकडं बोट दाखवत म्हणाले. पण मुलाचं तोंड त्या पऱ्ह्यांपेक्षा जास्त सुकलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी कानामागची बिडी काढून पेटवली. "एक बिडी. बिडी सरली का धबधबा बंद."

बापलेकांनी मिळून नाल्यातला बांध फोडला. धारेला जोर यावा म्हणून बांधीचा धुराही फोडला.

खाली आधी आवाज आला. मग कड्यावरून पाणी असं झेपावलं की तापलेला खडक चुरचुरून काळाभोर झाला आणि गार वारा झाडीभर पसरला. टीना बघतच राहिली. शकुनबाईची उन्हाची छत्री पाण्याच्या कामी आली, कारण ती बरोबर धारेखाली होती. त्याच छत्रीवर थाड्कन पऱ्ह्याची एक पेंडी पडली. पाठोपाठ दुसरी. पाठोपाठ लक्ष्मणरावांची डाव्या पायाची चप्पल.

टीनानं पेंडी उचलली. मुळांना ओला चिखल होता. तेवढ्यात योगेंद्र घसरत खाली आला.

"धबधब्यातून पऱ्हे पडते काय?"

योगेंद्रला उत्तरं बरीच सुचली. पहाडावर असं उगवते. पाखरं आणून टाकते. सगळी चांगली होती. त्यानं तिच्या हातातल्या पेंडीकडं पाहिलं आणि ती सगळी गिळली.

"बाबानं रोवण्यासाठी नाला अडवला होता. तुमाले दाखवाले म्हणून मीच फोडाले लावला. बांधीबी फोडली."

"म्हणजे वरती बांधी रिकामी होऊन राहिली?"

"बिडी सरेस्तोवर."

"बाप्पा!" म्हणून टीनानं ओढणी कमरेला खोचली, चपला काढल्या आणि ती टेकडीवर चढली, योगेंद्रच्याही आधी.

"काकाजी, फावडा द्या."

"अजून बिडी बाकी हाये, पोरी."

"विझवा."

लक्ष्मणरावांना बिडी विझवायला सांगणारं माणूस त्या घरात आजवर निपजलं नव्हतं. त्यांनी विझवली. टीना चिखल ओढत गेली, योगेंद्र दगड आणत गेला, आणि धुरा बुजला. मग नालाही अडला. खाली आवाज मंदावत गेला आणि थांबला.

"का व, बंद काहून केला?" खालून शकुनबाई ओरडली. "आत्ताच त मजा येऊन राहिली होती!"

टीनानं बांधीतच हात धुतले. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर एक फटकारा.

"खरं सांगितलं, हे बरं केलं," ती म्हणाली. "पण हा धबधबा मी मोजत नाई. हा तुमच्या बाबाचा होता. पाणी येऊ द्या, रोवणा होऊ द्या, अन् थो खुदचा पडला का मले बलवा. थ्या दिवशी सांगीन."

ती हसत होती की डोळ्यांवर ऊन येत होतं, हे योगेंद्रला ठरवता येईना.

पाहुणे परतले. उरलेल्या पाण्यात उरलेले पऱ्हे लावता लावता संध्याकाळ झाली, आणि आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. योगेंद्र धुऱ्यावर उभा राहिला. देवाकडं या दिवसांत गावभराची गर्दी असते, म्हणून त्यानं रीतसर मार्ग धरला. हात जोडून, मान वर करून, मोठ्यानं म्हणाला:

"प्रति, माननीय पाऊससाहेब, मुक्काम आभाळ. विषय: एक धबधबा मंजूर होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आपण प्रथम तालुक्यातील सर्व बांध्या भरून द्याव्यात, तदनंतर शिल्लक पाणी आमच्या टेकडीवरून सोडण्यात यावे, आणि सदर धबधबा येत्या रविवारी, मोहाडीची गाडी पोहोचल्याची खात्री करूनच सुरू करण्यात यावा, ही नम्र विनंती."