बी सांडायच्या आधी

“ह्या विळ्याला आता धारच न्हाई. नुसता ओरबाडतो मेला.”

मित्रांनो, ही कुरकूर माझ्याविषयी आहे, आणि कुरकुरणाऱ्या गोजरबाईंच्याच मुठीत मी आहे. मी एक जुना विळा. कर्जतजवळच्या माळावर पंचवीस वर्षं गवत कापतो आहे. लोहाराने मला ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलं, त्यामुळे स्वभाव थोडा कडक आहे. पण मी बोथट नाही.

पूर्वी ह्या माळावर मारवेल आणि पवन्या गुडघाभर वाढायचं. असं गोड गवत, की गाय मान वर करत नसे. दसऱ्याला गोजरबाईंच्या सासूबाई मला हळदकुंकू लावायच्या आणि दुसऱ्या दिवशी कापणी धरायच्या. तोवर बी पिकून मातीत सांडलेलं असे. शेजारच्या हाजराबीही त्याच दिवशी आपला विळा घेऊन सोबतीला येत. पुढे सासूबाई गेल्या, दिवस तोच राहिला.

पाऊस मात्र राहिला नाही. जूनचा तो ऑगस्टात येऊ लागला. दसऱ्याला गवत नुकतं कुठे फुलोऱ्यात असायचं. तरी मला हळदकुंकू लागायचं, आणि मी कापायचो. सात-आठ वर्षं हेच. बी पडेना, जुनी बुडखी मरत गेली. मोकळ्या जागेत कुसळी गवत शिरलं, मागोमाग गाजरगवत. माती धरून ठेवायला मुळं उरली नाहीत. परतीच्या एका पावसात ती ओढ्याला गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. गवतात घरटं करणारा चंडोलही दिसेनासा झाला.

गोजरबाईंनी पावसाला शिव्या दिल्या, गाजरगवताला दिल्या, उरल्या त्या मला. हाजराबी काही बोलायला जायच्या आणि थांबायच्या. दुसऱ्याच्या सणात आपण कसं बोलावं, असं त्यांना वाटत असावं.

कुसळांनी गोजरबाईंच्या चंद्री गाईचं तोंड सोलून निघालं. तिने चारा सोडला. आज दसऱ्याच्या सकाळी मुलाने, सुनीलने, तिला टेम्पोत चढवून बेलापूरला कालव्याकाठच्या पाहुण्यांकडे धाडलं. तिथे निदान हिरवा चारा आहे. चंद्री वळणापर्यंत हंबरत होती.

मित्रांनो, माझी धार दगडावर घासली की परत येते. गवताचं बी तसं येत नाही. त्याला पिकायला वेळ द्यावा लागतो. मी लोखंड, मला एवढंच कळतं.

गोजरबाईंनी हळदीत बोट बुडवलं, आणि तसंच धरून ठेवलं; समोर माळावर उरलंसुरलं मारवेल अजून फुलोऱ्यातच होतं. चंद्रीला निरोप द्यायला आलेल्या हाजराबी अजून दारात उभ्या होत्या.

“हाजरा, विळ्याला धार हाय,” गोजरबाई म्हणाल्या. “पाऊस पुढं सरकला, अन् मी दसरा धरून बसले. गवत मीच मारलं.”