शाळा सोडलेला वॉशिंग्टन

“आधी फाईल दाखव, मग उतरतो,” असं म्हणून संग्रामने काढलेला सीटबेल्ट पुन्हा खटकन लावला.

गाडी मॉरिसटाऊनला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जुन्या हेडक्वार्टरच्या, आताच्या म्युझियमच्या पार्किंगमध्ये उभी होती. पार्सिपनीतल्या त्यांच्या घरापासून जेमतेम पंधरा मिनिटं, पण अमेरिकेतल्या अकरा वर्षांत बाबाला इथे यावंसं वाटलं नव्हतं. आणि आज, भर बुधवारी, सुट्टी टाकून त्याला इतिहासाचा पुळका आला होता. पाणी कुठेतरी मुरत होतं.

संग्राम सतरा वर्षांचा. ऑक्टोबरात त्याने शाळा सोडली, तेव्हापासून घरात रोज भांडी आदळत होती. रविवारी आई नागपूरच्या मामाशी फोनवर हळू आवाजात बोलत होती आणि हा खोलीत शिरताच तिने विषय भेंडीच्या भाजीवर नेला. आज बाबाच्या जॅकेटखाली ही खाकी फाईल. सिग्नलला त्याने कोपरा उचलून पाहिला होता: त्याचा जन्मदाखला, डॉक्टरचा कागद. मग बाबाने त्याचा हात झटकला. आता काय कळायचं बाकी होतं? पोराला वॉशिंग्टन दाखवून गार करायचं आणि परस्पर नागपूरच्या विमानात बसवायचं.

“तू चल तर. आत गेल्यावर सांगतो,” बाबा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. देवदत्तला खोटं बोलता येत नसे. काही लपवायचं असलं की तो चष्मा पुसायचा.

संग्राम उतरला. पण डिकीत बॅग नाही ना, हे आधी काचेतून बघून घेतलं.

आत रुंद टोपीवाली रेंजर बाई माहिती सांगत होती. १७७९च्या हिवाळ्यात, इंग्रजांशी लढाई चालू असताना, वॉशिंग्टन या घरात राहायला आला. घर फोर्ड नावाच्या विधवेचं. तिच्याकडे आणि तिच्या चार पोरांकडे दोन खोल्या उरल्या.

“म्हणजे घर तिचं आणि पाटी ह्याची,” संग्राम पुटपुटला.

मग बाबाने घसा खाकरला आणि पाठ केल्यासारखा सुरू झाला. वॉशिंग्टन अकरा वर्षांचा असताना वडील गेले. पंधराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली, कॉलेजचं तर तोंड पाहिलं नाही. सोळाव्या वर्षी जमीन मोजायला रानात गेला, आणि पुढे पहिला प्रेसिडेंट झाला.

संग्रामला आता खरंच भीती वाटली. डिग्री नसलेल्या माणसाचं कौतुक या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. नळ दुरुस्त करायला आलेल्यालाही बाबा कुठे शिकलास म्हणून विचारायचा.

“आणि त्याची कामं कोण करायचं?” त्याने थेट रेंजरलाच विचारलं. तिने आडपडदा ठेवला नाही. गुलाम, ती म्हणाली. विल्यम ली नावाचा गुलाम लढाईभर त्याच्यासोबत होता. मृत्युपत्रात वॉशिंग्टनने त्या एकाला लगेच मोकळं केलं. त्याच्या मालकीच्या बाकीच्यांनी त्याच्या बायकोच्या मरणापर्यंत थांबायचं होतं.

“हे का नाही पाठ केलंस?” संग्राम बाबावर उखडला. “राबायला माणसं असल्यावर कोणीही शाळा सोडेल.”

“व्हिडिओत नव्हतं ते,” बाबा ओशाळून म्हणाला.

बाहेर एका पिकअपला टेकून शैलेंद्र काका उभे होते. मंडळाच्या गणपतीत भेटायचे तेवढीच ओळख. आज अंगात नारिंगी जाकीट, मागे ट्रकमध्ये जमीन मोजायची तिकाटणी.

“झालं का दर्शन?” काका म्हणाले. “लवकर ठरवा, मला साईटवर पोचायचंय.”

बाबाने फाईल संग्रामच्या हातात दिली. अठरा वर्षांखालच्या पोराला काकांकडे कामावर घ्यायला लागतात ते कागद होते. त्याने एकेक पान उलटून मागूनही पाहिलं. तिकीट नव्हतं.

“मग मामाचं? ते मी चुकीचं ऐकलं?”

“नाही. शनिवारचं तिकीट आई आज काढणार आहे. तू कामाला लागलास तर तिला थांबवता तरी येईल.”

“तिला हे माहितीये?”

बाबा पुन्हा चष्मा पुसायला लागला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर ‘विनीता’. बाबा विस्तवाकडे बघावं तसा बघत राहिला. संग्रामने फोन ओढून कानाला लावला.

“देवदत्त,” आईचा आवाज आला, “तुझ्या ऑफिसात कावळे कुठून ओरडतायत?”

काकांनी इंजिन सुरू केलं. संग्रामने पिकअपचं दार उघडलं.

“आई, मी बोलतोय. तिकीट काढू नकोस. बाकीचं बाबा सांगेल, मला आता निघायचंय.”